हातची कादंबरी आणि दारांतल्या नव्या गोष्टी

(खेड्यांतील एका वाचनालयांत लिहिणाऱ्या मंडळींच्या बैठकीपुढें झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून मागें बसलेल्या कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हातीं घेतलेली कादंबरी पुरी होत नाहीं आणि डोक्यांत दुसऱ्याच गोष्टी घिरट्या घालतात, तर त्यांचें काय करावें, हा कांहीं शेतकऱ्याकारागिरांपुढें बोलण्याचा विषय आहे काय? पावसाचें बोला, बाजारभावाचें बोला, कर्जाचें बोला! त्या वडीलधाऱ्यांना आमचें सांगणें इतकेंच कीं, आतां आपल्या घरांतलीं मुलें आणि मुली लिहूं लागलीं आहेत. गुरें बांधून झाल्यावर, भाकऱ्या थापून झाल्यावर, दुकानाची फळी लावून झाल्यावर तीं लिहितात. या लिहिण्याला घरचा वेळ लागतो, घरची झोप लागते. ज्या कामाला घरची झोप लागते तें काम तडीला जातें कीं वाऱ्यावर जातें, हें घरानें विचारलेंच पाहिजे.

या बैठकीला येणाऱ्या बहुतेकांच्या पेटींत एक अर्धवट कादंबरी आहे. कोणाचीं साठ पानें, कोणाचीं दीडशें. आणि तिच्याखालीं दुसऱ्या चार गोष्टींचे आरंभ आहेत. आरंभ सगळे चांगले आहेत, हें आम्ही वाचून सांगतों. पण कुंभार दिवसभर चाकावरून मडकीं उतरवीत बसला आणि आवा पेटवलाच नाहीं, तर पहिल्या सरीला त्या सगळ्या मडक्यांची पुन्हां माती होते. अपुऱ्या कादंबरीचें तसेंच आहे. लिहिणारा डोळे मिटतो, आणि सहा महिन्यांनीं तीं पानें रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात. आपल्या घरांत हस्तलिखितें जपून ठेवणारे कारकून नाहींत, हें विसरूं नका.

ऊसतोडीच्या कोपींत वाढलेल्या पोराचें लहानपण, मागाच्या खड्ड्यांत पाय सोडून वाकलेली विणकराची पाठ, भात्याशेजारीं बसून परीक्षेचा अभ्यास करणारी लोहाराची मुलगी. हें ज्यानें अंगावर काढलें आहे त्यानेंच तें लिहावें. दुसरा लिहील तर बांधावर उभा राहून लिहील. सांगली जिल्ह्यांतल्या वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांना शाळेचा उंबरा जवळजवळ लाभलाच नाहीं. मुंबईला येऊन त्यांनीं मिळेल ती मजुरी केली, गिरणींत राबले. त्या माणसानें तिसांवर कादंबऱ्या लिहून पुऱ्या केल्या. 'फकिरा' १९५९ सालीं निघाली. त्यांनीं तीस कादंबऱ्यांचे नुसते आरंभ करून ठेवले असते, तर आज वाटेगांवचें नांव कोणाच्या तोंडीं आलें असतें?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. नव्या गोष्टी नेमक्या जुन्या गोष्टीच्या मध्यावरच कां येतात? कोणी म्हणतो, मन चंचल आहे. कोणी म्हणतो, आळस आहे. आम्हांला हें निदान अर्धेंच पटतें. नांगरलेल्या रानांतच बीं रुजतें आणि नांगरलेल्या रानांतच तणहि माजतें. पडीक जमिनीला खुरपणीची चिंता नसते. तेव्हां नव्या कल्पना येतात त्या मन नांगरलें गेलें आहे म्हणून येतात, ही गोष्ट आनंदाची आहे. पण दुसरेंहि एक कारण आहे. जी गोष्ट अजून लिहिलीच नाहीं तिच्यांत चूक कोठून असणार? हातच्या कादंबरींत मात्र नव्वदाव्या पानावर गाडी रुतलेली दिसते. नायकाला शहरांत तर नेला, पण तेथें त्यानें काय करावें हें सुचत नाहीं. अशा वेळीं नवी गोष्ट दारांत येऊन उभी राहते, पाहुण्यासारखी स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत. घरचें माणूस मळक्या कपड्यांत राबत असतें, म्हणून पाहुणाच अधिक देखणा वाटतो. देखणेपणाला भुलून घरच्याला बाहेर काढूं नये, आणि दारांतल्या पाहुण्याला हांकलूनहि देऊं नये. मग करावें काय? नुसता उपदेश करण्यापेक्षां, ज्यांनीं हें ओझें वाहिलें त्यांचे दाखले पाहूं.

पहिला दाखला इंग्लंडांतला. चार्ल्स डिकन्स हा बारा वर्षांचा असतां, १८२४ सालीं, त्याच्या बापाला कर्ज न फिटल्यामुळें लंडनच्या मार्शलसी तुरुंगांत टाकलें. पोराला बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यांत बाटल्यांना कागद चिकटवण्याच्या मजुरीला बसावें लागलें. हाच पोर १८३६ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी महिन्याच्या महिन्याला हप्त्यानें छापूं लागला. ती अर्ध्यावर आली नाहीं तोंच दुसरी गोष्ट त्याच्या मानेवर बसली: अनाथ पोराची, 'ऑलिव्हर ट्विस्ट'. फेब्रुवारी १८३७ पासून तीहि एका मासिकांत हप्त्यानें सुरू झाली. 'पिकविक' नोव्हेंबर १८३७ मध्यें संपली. म्हणजे नऊदहा महिने एकाच माणसाच्या हातून दोन कादंबऱ्या उतरत होत्या, एक हंसवणारी आणि एक रडवणारी. ती पहिली संपली तों १८३८ च्या वसंतांत तिसरी, 'निकोलस निकल्बी', सुरू! म्हणजे 'ऑलिव्हर'च्या जोडीला पुन्हां दुसरें जू.

तुम्ही म्हणाल, मग झालें तर! डिकन्सनें दोन दोन चालविल्या, आम्ही कां चालवूं नयेत? बंधूंनो, त्यानें कशा चालविल्या तें नीट पाहा. आपल्याकडे बाजरींत तुरीच्या ओळी टाकतात. बाजरी तीन महिन्यांत घरांत येते, तूर त्यानंतर वाढून पुसामाघांत येते. बाजरीचीं मुळें वरच्या थरांत राहतात, तुरीचें सोटमूळ खोल जातें. दोघींची भूक एका वेळची नाहीं, म्हणून एका रानांत दोघी नांदतात. डिकन्सच्या दोन गोष्टी स्वभावानें वेगळ्या होत्या, आणि प्रत्येकीचा हप्ता देण्याची तारीख ठरलेली होती. पिकविकचीं दर महिन्याला बत्तीस छापील पानें भरून द्यावीं लागत. तारीख टळली तर छापखाना अडे. अशी तारीख ज्याच्या मानेवर नाहीं, त्यानें दोन कादंबऱ्यांचा मिश्रपेरा करूं नये. त्याच्या रानांत दोन्ही पिकें एकमेकांना खातील.

शिवाय या जोडओझ्याची किंमतहि डिकन्सला मोजावी लागली. मे १८३७ मध्यें त्याची सतरा वर्षांची लाडकी मेहुणी एकाएकीं वारली. दुःखानें त्याचा हात चालेना, आणि त्या महिन्यांत दोन्ही कादंबऱ्यांचे हप्ते चुकले. एकाच बैलाच्या खांद्यावर दोन गाड्या असल्या तर बैल बसतांच दोन्ही बसतात.

आणि यापुढची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. १७८० सालीं लंडनांत झालेल्या दंग्यांवर एक कादंबरी लिहून देण्याचा करार डिकन्सनें १८३६ मध्येंच केला होता. पण मधें ऑलिव्हर आला, निकल्बी आला, आणखी एक कादंबरी आली. दंग्यांची ती गोष्ट एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली आणि 'बार्नबी रज' या नांवानें निघाली १८४१ सालीं. पांच वर्षें ती कणगींत पडून होती. मेली काय? नाहीं. आपल्या तरुणांना वाटतें कीं, आज सुचलेली गोष्ट आज रात्रीं लिहिली नाहीं तर उद्यां शिळी होईल. जी कल्पना एका रात्रींत शिळी होते ती भाकरी समजावी, बियाणें नव्हे. बियाणें वाळवून ठेवलें तर हंगामाची वाट पाहतें.

डिकन्सला हें कळलेलें होतें. जानेवारी १८५५ पासून त्यानें एक टिपणवही ठेवली. तींत माणसांचीं नांवें, पुस्तकांचीं संभाव्य नांवें, एखादें बोलणें, एखाद्या गोष्टीचें बीज, असें तो दोनचार ओळींत टिपून ठेवी आणि हातच्या कामाला लागे. त्या वहींतला माल त्यानें पुढें अनेक कादंबऱ्यांना वापरला. १८५७ सालीं एका नाटकांत काम करतांना त्याला दुसऱ्यासाठीं प्राण देणाऱ्या माणसाची कल्पना सुचली. 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही तिच्यावरची कादंबरी आली १८५९ सालीं.

आणि शेवटीं काय झालें? 'एडविन ड्रूड' नांवाची कादंबरी त्यानें बारा हप्त्यांची आखली. सहा हप्ते लिहून झाले, आणि ९ जून १८७० रोजीं तो वारला. त्या गोष्टींतला मुलगा नाहींसा होतो. त्याला कोणी मारलें, कीं मारलेंच नाहीं, यावर दीडशें वर्षें वाचक वाद घालीत आहेत. एवढा मोठा लेखक म्हणून त्याच्या अर्ध्या पुस्तकावर लोक वाद घालतात. तुमच्याआमच्या अर्ध्या पुस्तकावर कोण घालणार? आपल्या मराठींतहि हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्रांतून आठवड्याच्या आठवड्याला निघत, आणि त्यांच्याहि कांहीं अपुऱ्या राहिल्या. पुऱ्या झाल्या त्याच आज लोकांच्या घरांत आहेत.

दुसरा दाखला रशियांतला, लिओ टॉल्स्टॉयचा. जमीनदार खरा, पण शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा आपल्या गांवीं चालविणारा. १८२५ सालीं झारविरुद्ध उठलेल्या आणि सैबेरियांतून परत आलेल्या एका माणसाची कादंबरी लिहावयास हा बसला. लिहितां लिहितां वाटलें, याची तरुणपणची हकीगत हवी. ती हवी तर नेपोलियनची १८१२ ची स्वारी हवी. ती हवी तर १८०५ पासून आरंभ केला पाहिजे. असें मागें मागें जातां 'वॉर अँड पीस' ही प्रचंड कादंबरी झाली, आणि ज्या गोष्टीसाठीं बसला होता ती लिहिलीच गेली नाहीं! यावरून एक शिकावें. दारांत आलेली नवी गोष्ट पुष्कळ वेळां परकी नसते. हातच्या कादंबरीचें हरवलेलें प्रकरणच वेष पालटून आलेलें असतें. तिला वेगळी वही देण्याआधीं विचारा: बाई, तूं याच घरची लेक तर नव्हेस?

पुढें टॉल्स्टॉयनें पीटर बादशहाच्या काळावर कादंबरी लिहिण्याचें घेतलें. ढीगभर पुस्तकें वाचलीं, पुन्हां पुन्हां आरंभ केले. जमेना. त्या काळचीं माणसें त्याच्या डोळ्यांपुढें उभींच राहिनात. मग त्यानें तें काम सोडलें आणि १८७३ च्या मार्चांत 'अ‍ॅना कॅरेनिना' सुरू केली. त्याला वाटलें, ही लवकर होईल. लागलीं चार वर्षें! मधें ती बाजूला ठेवून तो शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं बाराखडीचें पुस्तक करीत बसला. पहिलें १८७२ सालीं निघालें होतें, तें मोडून नवें केलें, तें १८७५ सालीं निघालें. कादंबरी मासिकांतून १८७५ पासून १८७७ पर्यंत चालली. शेवटचा भाग संपादकाला पटेना, त्यानें छापावयाचें नाकारलें. तेव्हां टॉल्स्टॉयनें तो स्वतः वेगळा छापून काढला, पण गोष्ट तडीला नेली.

येथें कोणी विचारील, पीटरची कादंबरी सोडली ती मग चूक नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. खडकावर विहीर खणतांना पाणी नाहीं असें नीट पाहून जो थांबतो तो शहाणा. दोन हात खणून शेजारच्या रानांत हिरवळ दिसली म्हणून कुदळ घेऊन पळतो त्याला कोणी शहाणा म्हणत नाहीं. टॉल्स्टॉय पुरा खणून थांबला.

तिसरी गोष्ट याच माणसाची. १८८७ सालीं एका कायदेपंडितानें त्याला हकीगत सांगितली कीं, खटल्यांत पंच म्हणून बसलेल्या एका सरदारानें आरोपी बाई ओळखली; तिला नासवणारा तोच होता. टॉल्स्टॉयनें १८८९ सालीं लिहावयास घेतलें, ठेवलें, पुन्हां घेतलें, पुन्हां ठेवलें. दहा वर्षें गेलीं. इतक्यांत दुखोबोर नांवाच्या शेतकरी पंथाचा छळ झाला. त्यांनीं लष्करांत जाण्याचें नाकारलें होतें, १८९५ सालीं आपलीं हत्यारें जाळलीं होतीं. सात हजारांवर माणसें कॅनडाला न्यावयाचीं, त्याला पैसा हवा. तेव्हां म्हाताऱ्यानें तें बस्तान बाहेर काढलें आणि 'रिझरेक्शन' कादंबरी १८९९ सालीं पुरी करून तिचें उत्पन्न त्या कामाला दिलें. कोणासाठीं लिहितों हें समोर दिसलें, आणि दहा वर्षें अडलेलें काम सुटलें. तुमच्या कादंबरीची वाट कोण पाहतो आहे, त्या माणसाचा चेहरा एकदां डोळ्यांपुढें आणा.

आतां या दाखल्यांतून आपल्या घरांना जमेल असा व्यवहार सांगतों.

पहिलें, एक वेगळी वही करा. नवी कल्पना आली कीं त्याच दिवशीं तारीख घालून एका पानांत टिपा. मोबाईलांत टिपली तरी चालेल, पण आठवड्यानें वहींत उतरवा. मोबाईल फुटतो, हरवतो, विकला जातो. एका पानाच्या पुढें जाऊं नका. पहिलें प्रकरण लिहूं नका. पहिलें प्रकरण म्हणजे पेरणी, आणि पेरलें कीं राखण आली.

दुसरें, त्या वहीला आठवड्यांतून एक वेळ द्या, बाजाराच्या दिवशीं म्हणा. इतर दिवशीं ती पेटींत.

तिसरें, सहा महिन्यांनीं उगवण पाहा. पेरणीआधीं आपण गोणपाटांत शंभर दाणे ओले करून ठेवतों आणि किती कोंभ आले तें मोजतों. तशीं तीं टिपणें पुन्हां वाचा. जें वाचून मन उठून बसेल तें बीं ठेवा, बाकीचें कोंबड्यांना टाका.

चौथें, नवी गोष्ट फार ओढूं लागली तर आधीं जुनी कोठें अडली तें एका वाक्यांत लिहा. "सासरा कर्ज कां देतो हें मला ठाऊक नाहीं," एवढें लिहितांच दहांपैकीं पुष्कळ वेळां अडचण लहान दिसते. मग सावकारी केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे जाऊन बसा आणि विचारून या.

पांचवें, सोडावयाचेंच असेल तर ठरवून सोडा. कां सोडलें तें कारण तारखेसह लिहा. आणि जुनें घर पाडतांना आपण सागाची तुळई, दाराची चौकट काढून ठेवतों, तशीं चांगलीं माणसें आणि चांगले प्रसंग काढून ठेवा. पुढच्या घराला लागतील. नकळत सोडणें मात्र वाईट. तें सोडणें नव्हे, तें गळणें आहे.

सहावें, हें घरच्या मंडळींसाठीं. विणकर मागावर ताणा चढवतो तेव्हां घरांतल्या सर्वांना ठाऊक असतें कीं लुगडें उतरेपर्यंत या मागाला दुसरा ताणा लागणार नाहीं. तसें लिहिणाऱ्यानें घरांत सांगावें कीं अमुक सणापर्यंत हें पुस्तक उतरवणार. आणि घरानें त्याला रोजचा एक तास मोजून द्यावा. मुलाला द्याल, याची आम्हांला शंका नाहीं. सुनेला द्याल काय? मुलीला द्याल काय? तिच्या डोक्यांत गोष्टी कमी येतात असें नाहीं. तिला लिहावयास बसतांच कोणीतरी पाणी मागतें. ज्या घरांत पुरुषाची कादंबरी आळसानें अपुरी राहते त्याच घरांत बाईची कादंबरी पाण्याच्या तांब्यानें अपुरी राहते. दोन्ही अपुरेपणांना एकच नांव देणें अन्यायाचें आहे.

शेवटीं एकच सांगतों. पुरें झालेलें पुस्तक आपल्या मनांतल्यापेक्षां नेहमींच थोडें उणें उतरतें. शेतांतलें पीकहि मनांतल्या पिकापेक्षां उणेंच उतरतें, म्हणून कोणी तें रानांत उभें सोडून देत नाहीं. खळ्यावर आणतों, मळतों, उफणतों, आणि जें येईल तें घरांत भरतों. त्यांतूनच पुढच्या वर्षाचें बियाणें निघतें. पहिली कादंबरी पुरी करणाराच दुसरी कशी लिहावी हें शिकतो. तें शिक्षण दहा आरंभांतून मिळत नाहीं.

तेव्हां पुढच्या बैठकीला नव्या गोष्टीचें पहिलें पान कोणीं आणूं नये. हातच्या पुस्तकाचें शेवटचें प्रकरण आणावें. कच्चें असेल, वाकडें असेल, चालेल. तें आपण सर्व बसून ऐकूं, आणि त्या दिवशीं चहा वाचनालयाकडून.